भाजल्यानंतरचा ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी: संसर्गच समजायचा का?

जिज्ञासू:
शरीराचा तीसेक टक्के भाग भाजला असेल तर आठव्या-नवव्या दिवशीही ३८.४ सेल्सिअस ताप असतो, पांढऱ्या पेशी १४-१५ हजार येतात. तरी अँटिबायोटिक लगेच सुरू करत नाहीत. प्रतिकारशक्ती वाढलेली असते की ढासळलेली?

बर्नवॉर्ड:
दोन्ही, आणि तेही एकाच वेळी. जळून मेलेल्या पेशींतले घटक रक्तात उतरले की शरीर जंतूंचा हल्ला झाल्यासारखंच पेटून उठतं. साधारण २० टक्क्यांच्या वर भाजलं तर हा दाह जखमेपुरता राहत नाही, अंगभर पसरतो. मेंदूतला तापमानाचा काटाच ३८.५ च्या आसपास सरकतो, म्हणून नुसत्या तापावरून संसर्ग ठरवू नये. त्याच वेळी टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मंदावलेल्या असतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर दिसतात, पण त्यांत कोवळ्या पुष्कळ, जंतू मारायला कमी पडणाऱ्या. मोठ्या भाजण्यात दुसऱ्याची त्वचा लावली तर शरीर ती एरवीपेक्षा उशिरा झिडकारतं, ते याच कमजोरीमुळे.

सूक्ष्मजीव:
जळालेल्या मृत कातडीत रक्तवाहिन्याच उरत नाहीत, त्यामुळे शिरेतून दिलेलं औषध तिथवर पोचत नाही. संसर्ग नसताना ते चालू ठेवलं तर औषधांना न जुमानणारे स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू फोफावतात. मृत कातडी लवकर काढून त्वचारोपण करणं हाच खरा उपाय. ड्रेसिंग सोडताना नीट बघा: गुलाबी जागा काळी-जांभळी पडली, वरवरची जखम खोल झाली, कडेची चांगली कातडी लाल होऊन सुजली, तर नमुना त्याच दिवशी तपासायला गेला पाहिजे.

बर्नवॉर्ड:
आणखी एक. सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजलेल्या जखमेवरचं जंतुरोधक मलम) लावल्यावर दोन-चार दिवसांत पांढऱ्या पेशी एकदम घटू शकतात. बहुतेक वेळा त्या आपोआप सावरतात.

आहार:
नव्या पेशींना प्रथिनं लागतात, प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज १.५ ते २ ग्रॅम. पहिल्या २४ तासांतच तोंडाने किंवा नळीने अन्न सुरू करावं. आतडं उपाशी राहिलं की त्याचं अस्तर झिजतं. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाबरोबर जस्त, तांबं, सेलेनियमही जातं, तेही भरून काढावं लागतं.

जिज्ञासू:
मग ताप ३८.४ वरच असेल, तर घाबरायचं कधी?

सूक्ष्मजीव:
कालपर्यंत नीट बोलणारा रुग्ण आज असंबद्ध बडबडतोय, नाडी शंभरावरून १३० वर गेलीय, नळीतलं अन्न पोटात तुंबतंय, साखर अचानक चढलीय किंवा प्लेटलेट लाखाखाली आल्यात: यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं की कल्चरला (रक्तात जंतू वाढतात का, त्या तपासणीला) रक्त पाठवून अँटिबायोटिक त्याच तासाला सुरू करायचं. रिपोर्टची वाट बघायची नाही.