आयरिश प्रेमकथेतल्या 'शी' लोकांना मराठीत काय म्हणावं?

रातराणी
एक शब्द अडलाय, मदत करा. माझ्या मावशीचे डोळे गेल्या दोन वर्षांत फार अधू झाले, वाचन सुटलं, आणि वाचल्याशिवाय तिला झोप नाही. म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की मी तिला वाचून दाखवते. मराठी सगळं संपवून आता आम्ही माझ्या मोबाईलवरच्या आयरिश जादूच्या प्रेमकथांवर आलोय, मी इंग्रजी वाचत वाचत तिथल्या तिथे मराठी करून सांगते आणि तिला ते भयंकर आवडतंय. पण सध्याच्या गोष्टीतला नायक 'शी' आहे. म्हणजे तिकडचे ते टेकाडांच्या पोटात राहणारे, म्हातारे न होणारे लोक. आयरिशमध्ये स्पेलिंग काहीही असो, उच्चार चक्क शी. मी वाचलं, "तो शी होता, आणि तिने ते पहिल्या नजरेतच ओळखलं." मावशी म्हणाली, काय होता? आता मराठीत शी म्हणजे एक तर किळस नाहीतर तान्ह्या बाळाची शी, अख्ख्या गोष्टीतला नाजूक क्षण तिथेच फसला.
मग परीराजा म्हणून पाहिलं. तर मावशी म्हणते, "परी नको गं, परी म्हणजे पंख आणि छडी. ही पोरगी त्याला घाबरलीये आणि तरी दार उघडतेय, परीला कोण घाबरतं?" बरोबर आहे तिचं. मला असा शब्द हवाय ज्यात धाक पण आहे आणि ओढ पण, आणि जो पुरुषाला लावता येईल.

हिरवा चाफा
परीच ठेवा की. फेअरी आणि परी मुळात एकच शब्द, इराणातून युरोपात गेला आणि प चा फ झाला. जलपरी चालते, एसटीला लालपरी म्हणतो ते चालतं, मावशींनाही सवय होईल.

धातुपाठ
एकच शब्द नाही हो तो, फक्त कानाला सारखा लागतो. परी फारसी, तिच्यामागे अवेस्तातली पइरिका, आणि ती पंखवाली गोंडस बिंडस नव्हती, माणसांना भुलवणारी चेटकी होती. फेअरी आली जुन्या फ्रेंचमधून, मुळाशी लॅटिनमधल्या नशीब ठरवणाऱ्या देवता.
खरी मौज 'शी' मध्ये आहे. तो मुळात लोकांचा शब्दच नाही, जागेचा आहे. शी म्हणजे टेकाड, मग टेकाडाचे लोक, आणि मग नुसतं शी. जुन्या रूपात शेवटी ध होता तो नंतर गळला. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ 'बसणे' अर्थाच्या धातूत शोधतात, तोच आपला सद्, ज्यातून सदन, परिषद, उपनिषद. बॅनशी हा शब्द ऐकला असेल, त्यातलं बॅन म्हणजे बाई, आणि आपण फारसीतून घेतलेला जनाना त्याच मुळाचा. म्हणजे बॅनशी म्हणजे टेकाडातली बाई, बास. एवढं जवळचं संस्कृत नातं हाताशी असताना भुताखेतांच्या यादीत कशाला जायचं, मी तर सरळ 'सदनवासी' म्हणेन.

कट्ट्यावरची
सदनवासी म्हटलं की दिल्लीतलं महाराष्ट्र सदन आणि आमदार दिसतात, धातू कितीही बरोबर असला तरी रात्री दहा वाजता मावशींना तो शब्द ऐकवायचाय हे लक्षात घ्या. गंधर्व का नको? देखणा, गाणारा, बायका भाळतात, शिवाय गंधर्वविवाह शब्द तयार.

रातराणी
गंधर्व करून पाहिलं. मावशीच्या डोळ्यांपुढे थेट बालगंधर्व आले शालू नेसून. तिने त्यांची पदं लहानपणापासून रेडिओवर ऐकलीत, तिच्यासाठी तो शब्द कायमचा त्यांना दिलेला आहे. यक्षही सांगितला, तर म्हणाली तो बिचारा ढगाशी बोलत बसलेला.

सावंतवाडीकर
आमच्या बाजूला राखणदार म्हणतात, गोव्यात देवचार. गावाच्या शिवेवरचा, वाट दाखवणारा पण आणि चुकलात तर खोड मोडणारा पण. आरवलीच्या वेतोबाला लोक चपला वाहतात, ह्या एवढ्या मोठ्या, आणि त्या झिजतात असं मानतात कारण रात्री तो गावाला फेरी मारतो. मी लहान असताना ओळीने ठेवलेल्या त्या चपला बघून एका चपलेचा तळवा उलटा करून पाहिला होता आणि आजीने हातावर चापट मारली होती, ती भीती आणि ते कुतूहल दोन्ही एकाच वेळी होतं, तुम्हाला हवंय ते हेच ना? आजी मळ्यातून येताना सांजेला त्याचं नाव कधी घ्यायची नाही, नुसतं 'तो'.
आणि चकवा शब्द विसरू नका. शी लोक माणसाला ओळखीच्या शेतात रात्रभर फिरवतात ना?

मुक्काम क्लेअर
फिरवतात. आणि इथला उतारा म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा, मग वाट सापडते. मी सहा वर्षं आयर्लंडमध्ये क्लेअर काउंटीत राहते म्हणून लिहितेय.
पहिली गोष्ट, इथले जुने लोक शी हा शब्द सहसा तोंडाने उच्चारतच नाहीत. आमच्या शेजारच्या आजी 'गुड पीपल' म्हणतात, आयरिशमध्ये 'ना दीने माहा', म्हणजे भली माणसं. भली आहेत म्हणून नाही, ऐकत असतील म्हणून. म्हणजे तुमच्या कादंबरीकाराने जिथे बिनधास्त शी लिहिलंय तिथे खरा गाववाला आवाज खाली आणून 'त्यांचं' म्हणेल.
दुसरं, हा नुसता जुना मामला नाही. मी कामाला जाते त्या एम १८ रस्त्यावर लॅटूनपाशी हॉथॉर्नचं एक झुडूप आहे, काटेरी, मे मध्ये पांढऱ्या फुलांनी भरतं. १९९९ मध्ये रस्ता त्याच्यावरून जाणार होता. तेव्हा एडी लेनिहान नावाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने उघडपणे सांगितलं की मन्स्टर प्रांताचे 'ते' शेजारच्या कॉनाक्ट प्रांताच्यांशी लढायला जातात तेव्हा इथे जमतात, झाड तोडाल तर या रस्त्यावर माणसं मरतील. आराखडा बदलला आणि झाड राहिलं. २००२ मध्ये कुणीतरी त्याच्या फांद्या साफ छाटून टाकल्या, तरी ते परत फुटलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं केवढं तरी असेल, आहे आपलं एखाद्या बोरीएवढं.
आणि टेकाड म्हणजे डोंगर समजू नका. बहुतेक ठिकाणी जुन्या वस्तीभोवतीचा मातीचा गोल बांध असतो, त्याला लिस म्हणतात, शेतकरी त्यावर नांगर घालत नाहीत. लिसडूनवार्ना गावाच्या नावातला लिस तोच, आणि त्याच गावात दर सप्टेंबरात लग्न जुळवायचा उत्सव भरतो.

गढीखालचा
हे वाचून काटा आला. गोल मातीचा बांध, आत कुणी राहत नाही, नांगर घालायचा नाही, ही तर आमची गढी! खानदेशात आमच्या गावाला पांढरीवर अर्धी ढासळलेली गढी आहे, आत धन पुरलंय आणि त्यावर जनावर बसलंय असं सगळे सांगतात. माझ्या चुलत्याने घरासाठी तिथली दोन गाड्या माती आणली आणि आजोबांनी त्याला ती परत नेऊन टाकायला लावली, भर उन्हात, मी गाडीत मागे बसलो होतो. तुमच्या नायकाला 'गढीवरचा' म्हणा. सदनापेक्षा गढी आपल्या मातीतली.

धातुपाठ
गढी हा राहण्याचा आणि संरक्षणाचा शब्द, त्यात इनामदार येतो. खुद्द आयरिश शब्दात 'सद्' आहे, तो तुम्ही सगळे का टाकताय हे मला कळत नाही. बोली गोड असते, पण अर्थाला धरून राहायला नको का?

कट्ट्यावरची
अर्थ वापरात असतो धातुपाठराव, कोशात नाही. गढी म्हटल्यावर गढीखालच्यांना काटा आला, सदन म्हटल्यावर कुणाला आला?

सरळरेषा
माझं वेगळं म्हणणं आहे. ह्या प्रेमकथा छान असतात, मी पण वाचते, पण ह्या लोकांबद्दलची भीती खरी होती आणि तिची किंमत बायकांनी मोजलीये. १८९५ मध्ये टिपररी काउंटीत ब्रिजेट क्लीअरी नावाची शिवणकाम करणारी बाई आजारी पडली, आणि नवऱ्याने ठरवलं की ही माझी बायकोच नव्हे, 'त्यांनी' तिला पळवून बदली दुसरी ठेवलीये. घरात माणसं असताना तिला जाळलं. नंतर तो गावाजवळच्या अशाच एका लिसपाशी जाऊन वाट बघत होता, खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. त्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. म्हणून मला लागीर, झपाटणं, बाहेरची बाधा असे शब्द प्रेमाला लावलेले आवडत नाहीत. परकाच शब्द ठेवा, निदान अंतर राहतं.

सावंतवाडीकर
हे मला माहीत नव्हतं. पण राखणदार आणि भानामती एका पारड्यात नका घालू हो. आजी हात जोडायची, कुणाला जाळत नव्हती.

माजघर
मी ७८ वर्षांची आहे, नातवाने टाईप करून दिलंय. मघापासून सगळे नाव शोधताहेत, आणि त्या क्लेअरच्या मुलीने सांगितलंय की नाव घ्यायचंच नाही. मग मराठीला एवढं कोडं कशाला पडावं? नाव न घेता बोलणं आपल्याइतकं कुणाला येतं? साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. रोगाला देवी म्हणायचं. निघताना जाते नाही, येते.
माझ्या आईने वडिलांचं नाव उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही. घरात "इकडून चहा झाला का" असं विचारायची. मैत्रीण आली की ती विचारायची "तिकडची स्वारी कुठे गेली?" आणि आई म्हणायची "इकडची स्वारी बाजारात." एकच माणूस, बोलणारी बदलली की तिकडचा इकडचा होतो.
तेव्हा रातराणी, त्या लोकांना 'तिकडचे' म्हण. "तो तिकडचा होता, आणि तिने ते पहिल्या नजरेतच ओळखलं." धाक आला की नाही? आणि पुढे जेव्हा तो तिचा होईल तेव्हा तिच्या तोंडी 'इकडे' घाल. मावशीला समजावून सांगावं लागणार नाही.

मुक्काम क्लेअर
आजी 🙏 हे वाचून मी ऑफिसात डोळे पुसले.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडं तिकडचे म्हणजे सासरचे. "तिकडच्यायचा फोन आला होता" म्हटलं की झालं. कादंबरी वाचताना व्याही डोळ्यासमोर येतीन.

मुक्काम क्लेअर
येऊ द्या की, शी लोक पळवून नेतात त्यांत नव्या नवऱ्या आणि बाळंतिणीच जास्त. नवरी तिकडची होते हे दोन्हीकडे खरं.

कट्ट्यावरची
माजघर आजींबद्दल आदर आहे, तिकडचे एकदम पटलं. पण 'इकडे' ला माझा विरोध. ही आयरिश बाई आहे, एकटी मेंढ्या सांभाळते, ती "इकडून येणं झालं का" म्हणणार नाही आणि म्हणूही नये. ते बोलणं बायकांवर लादलेलं होतं. त्यांच्या जुन्या कथेतली ग्रॉन्या बघा, स्वतःच्याच लग्नाच्या मेजवानीत डिअरमिड नावाच्या दुसऱ्याच योद्ध्याला पाहिलं आणि तिनेच त्याच्यावर गेश घातलं, की मला इथून घेऊन चल. गेश म्हणजे मोडली तर नाश होईल अशी बांधिलकी. बाईने पुरुषावर घातलेली!

धातुपाठ
गेशला मराठीत तयार शब्द आहे, आण. 'आण घालणे'. तुला माझ्या गळ्याची आण. क्रियापदसुद्धा तेच, घालणे. यावर तरी वाद नसावा.

गढीखालचा
वाद आहे, आण आपण देवाची नाहीतर गळ्याची घालतो, गेश तर कशाचंही असतं. कू हुलिन नावाच्या त्यांच्या वीराला कुत्र्याचं मांस खायची बंदी होती, तिला आण कसं म्हणणार? ते व्रत किंवा पथ्य झालं.

माजघर
लादलेलं होतं, नाही म्हणत नाही. पण आई 'इकडून' म्हणताना तिचा आवाज कसा व्हायचा ते मी ऐकलंय, तुम्ही शब्द वाचताय. मेंढ्यावालीच्या तोंडी नको असेल तर नका घालू.

रातराणी
काल रात्री वाचलं. "तो तिकडचा होता" म्हटल्यावर मावशी काही बोलली नाही, उशी पाठीशी घेऊन उठून बसली आणि म्हणाली, पुढे. तीन प्रकरणं झाली, साडेबारा वाजले. मधे एकदा त्याने तिच्या दारात उभं राहून आत येऊ का विचारलं, तिथे मावशीच हळूच म्हणाली "ये म्हणू नकोस गं", मला नाही, त्या मुलीला.
'इकडे' चं अजून ठरवलं नाही, ते प्रकरण यायचंय. पण आता दुसरं अडलंय. तो तिला 'अ कुश्ला' म्हणतो, शब्दशः नाडी, म्हणजे माझ्या हृदयाची नाडी. आणि कधी 'अ स्टोर', म्हणजे खजिना. स्टोरला सोन्या म्हणते मी. कुश्लाला काय? माझ्या नाडी म्हटलं तर वैद्य आठवतो.

मुक्काम क्लेअर
यावर एक आठवलं, आयरिशमध्ये दुःख 'होत' नाही, ते अंगावर असतं. 'तॉ ब्रोन ओरम', दुःख माझ्यावर आहे, माफ करा म्हणायलाही हेच. भूकसुद्धा माझ्यावर असते. आणि आपण म्हणतो माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे 'वर' मला फार जवळचं वाटतं.

हिरवा चाफा
येते-जाते वरून आठवलं, आम्ही नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. माझी सून नागपूरची, ती म्हणते वाढवणं म्हणजे ताटात. परवा पूजेला यावरून चांगलाच गोंधळ झाला. मुळात वाढवणे बरोबर ना?

धातुपाठ
बरोबरच. बांगडी वाढवते, दुकान वाढवतात, दिवा वाढवतात. मोडणे, बंद, विझणे हे तोंडातून जाऊ नये म्हणून उलटा शब्द.

वऱ्हाडी ठेचा
दुकान आम्ही बंदच करतो, आणि बांगडी फुटते. उद्या उघडतेच ना दुकान?

सावंतवाडीकर
दिवा वाढवणे मी कधी ऐकलं नाही. आमच्याकडे दिवा शांत करतात. वाढवला म्हटलं तर वात वर केली असं वाटेल.

धातुपाठ
जुन्या मराठीत सर्रास आहे, उदाहरणं काढून देतो.

रातराणी
कुश्लाचं सांगा ना कुणीतरी, नऊला वाचायला बसतो आम्ही.