जुनी उघडी हेरल्ड घेताना काय तपासावं?

रंकाळाकाठ: स्टँडर्ड हेरल्ड मोटार, १९६८ ची, कापडी हूड (दुमडतं छप्पर), ‘पूर्ण रिस्टोर’ म्हणून विकायला आहे. गाडी कोल्हापुरात राहील. रविवारी पन्हाळा-जोतिबा, क्वचित आंबा घाट. रंग आरशासारखा आहे. खाली काय बघू? आरसीवर ‘सलून’, म्हणजे पक्क्या छपराची गाडी, लिहिलंय, त्यानं अडेल का?

जुना_कार्बोरेटर: सलून लिहिलंय म्हणजे छप्पर नंतर काढलंय. हेरल्डची चासी (खालचा सांगाडा) वेगळी आणि छप्पर बोल्टवर, त्यामुळे ती तग धरते. पद्मिनीला वेगळी चासी नाही, तिचं छप्पर कापलं की गाडी मधूनच वाकते, तसली फुकट दिली तरी नको.

पण तग धरते ती चासी धड असेल तर. चासीतून दोन्ही बाजूंना निघालेले आडवे हात, म्हणजे आउटरिगर, आतून कुजतात आणि वरून काळा रंग फासलेला असतो. गाडी पिटवर घ्या, पेचकसाचं टोक जोर देऊन टोचत चला. आत घुसलं की समजा, किंमत तिथंच पडली. नंतर दाराच्या फटी मोजा: आधी रिकाम्या गाडीत, मग चौघं बसवून. वरची फट मिटत असेल किंवा दार उचलून लावावं लागत असेल तर मधला भाग बसलाय. चाकांच्या कमानी आणि दारांची खालची कड यांवर पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे.

घाटवळण: भावा, रंगापेक्षा पुढची चाकं बघ. चाक ज्या उभ्या लिंकवर वळतं तिच्या खालच्या टोकाला आट्यांवर बसणारा पितळी तुकडा असतो, तो ट्रनियन. त्याला ईपी ९० गिअर ऑइल लागतं, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, उभी लिंक गंजून तुटते आणि चाक आडवं होतं. प्लग काढून तात्पुरतं निपल लावायचं, ऑइल बाहेर झिरपेपर्यंत पंप मारायचा, वर्षातून एकदा तरी.

मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे. म्हणजे मागची चाकं आपापल्या दांड्यासकट वर-खाली झुलतात. उतारावरच्या वळणात शिरल्यावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला तर मागचं चाक आत दुमडून ढुंगण फिरतं. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात हलका ॲक्सिलरेटर ठेवायचा. टायर १४५/८० आर १३ चालतात, जुन्या वॅगन-आरचाच साइज.

कागदपत्रं_आधी: आरसीचं उत्तर: अडतं. बॉडीचा प्रकार बदलला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची नोंद लागते. ती नसेल तर अपघातात विमा कंपनीला हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं. सौदा करायच्या आधी हे विक्रेत्याकडूनच करून घ्या.

‘व्हिंटेज नंबर घे’ असं कुणीतरी सांगेलच. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नव्यानं नोंदणी केली तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि बसली तरी रोजच्या वापराला मनाई: रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. रविवारी पन्हाळा करायचा असेल तर साधी नोंदणीच ५-५ वर्षांनी वाढवत राहणं बरं. हरित कर भरावा लागेल.

पावसाळी: हूड ओला असताना कधीच दुमडू नका, बुरशी धरते. मागच्या प्लास्टिक काचेच्या घडीत टॉवेल घाला. अमोनियाच्या क्लीनरनं ती धुरकट होते. दारांच्या तळाची भोकं तारेनं मोकळी ठेवा. मॅट उचलून जमिनीचा पत्रा बघा, आपल्याकडं चार महिने तो सुकतच नाही. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं जुने रबरी होज म्हणजे नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो. होज एसएई ३०आर९ दर्जाचे टाका, पडदा इथेनॉलला टिकणारा.

रंकाळाकाठ: ट्रनियनला आधीच ग्रीस मारलं असेल तर?

घाटवळण: लिंक उघडून रॉकेलमध्ये धुवायची, आटे भिंगातून बघायचे. पितळी ट्रनियन झिजला तर उद्यमनगरात लेथवर नवा करून मिळेल. लिंकच्या आट्यांवर मात्र गंजाचे खड्डे दिसले तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नकोस, लिंकच बदल.