बेघरांना आधी छप्पर का आधी अक्षर?

सायली_माहीम:
२०१० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शहरात दर १ लाख लोकांमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने. आपल्याकडे निवारा म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा, बस्स. तिथेच मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवा असं माझं म्हणणं आहे. केंद्राचा 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून आहेच, १५ वर्षांवरचा कुणीही चालतो, स्वयंसेवक शिकवतात, मग निवाऱ्यात वर्ग का नको? आमच्याकडे फ्लायओव्हरखाली एक मावशी राहतात, आधारसाठी एजंटला पैसे दिले, त्याने फॉर्मवर 'मंगल'चं 'मंगला' केलं, यांना वाचता येत नाही, अंगठा उठवून मोकळ्या, आता रेशनकार्डावर एक नाव नि आधारवर दुसरं, प्रत्येक खिडकीवरून परत पाठवतात.

विजय_नाका:
ताई, हे आधी कळस मग पाया झालं. नाक्यावर उभं राहून काम मिळालं नाही तर जेवणाचे वांधे, त्याला संध्याकाळी पाटी देणार? पुलाखालून उठवतात तेव्हा सगळं सामान गाडीत टाकून नेतात, त्यात वहीपण जाते. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले. भाडं परवडत नाही म्हणून ते रस्त्यावर आहेत, शिकले नाहीत म्हणून नाही. बारावी झालेली पोरं पण स्टेशनबाहेर झोपतात.

मीनल_पुणे:
विजयशी सहमत. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन' संघटना बघा. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती म्हणून प्रत्येकीची प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे, एकेका रंगाची रक्कम ठरलेली. यावर बचत चालवली आणि पुढे कितीतरी कुटुंबं मानखुर्दला पक्क्या घरात गेली. एकजूट होती म्हणून झालं ते.

सायली_माहीम:
मीनलताई, त्यांच्या पाठीशी 'स्पार्क' ही संस्था होती, कागदपत्रं वाचणारी माणसं होती. एकट्या पडलेल्या माणसाच्या मागे कोण आहे? आणि विजयदादा, तुमचा बारावीवाला निदान फॉर्म स्वतः वाचून सही करतो, मावशींना तेवढंही नाही.

रोहन_मुरबाड:
आमच्या तालुक्यात फांगण्याला २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन यायच्या. पण त्या रोज त्याच गावात, त्याच घरात असतात म्हणून ते जमलं. निवाऱ्यातला माणूस आज आहे उद्या नाही. तिथे अख्खं पुस्तक आणि परीक्षा नको, स्वतःचं नाव ओळखणं, मजुरीचा आकडा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, कशावर अंगठा द्यायचा नाही, एवढंच शिकवा, आणि रोजचा धडा त्याच दिवशी संपला पाहिजे.

विजय_नाका:
रोहनभाऊ, हे असं असेल तर माझी हरकत नाही. पण वर्गाला बसला नाही म्हणून कुणाची कॉट जाता कामा नये, हे आधी लिहून घ्या. एकदा हजेरीपट आला की दारू प्यायलेला, आजारी, वेडसर, हेच आधी बाहेर काढले जातात, आणि निवारा खरा त्यांनाच लागतो.

सायली_माहीम:
अट मी कधीच घातली नाही दादा. पण निवाऱ्याच्या भिंतीवर तक्रारीचा नंबर लावलेला असतो, तो वाचणार कोण?

विजय_नाका:
आधी रात्री ११ नंतर दार उघडतात का ते बघू.