पायओथ्री ०.२३ नंतर रूपांतराचे तीन ट्रेट मोडून एकच ठेवावा का?

विश्रामबागकर, सांगली

हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांच्या पट्ट्या वाचून अडत, हमाली, तोलाई वजा करणारी एक छोटी लायब्ररी मी रस्टमध्ये लिहिली आहे. अडत्यांकडील हिशेबनीस पायथनच्या स्क्रिप्ट चालवतात, म्हणून रस्टला पायथनशी जोडणारी पायओथ्री वापरून माझ्या लायब्ररीचे पायथन बाइंडिंग (पायथनमधून वापरता येईल असा जोड) केले. आवृत्ती ०.२२ असताना प्रत्येक टाइपला तीन रूपांतरे लिहावी लागली: संदर्भावरून टूपायऑब्जेक्ट, मालकी देऊन इन्टूपाय, आणि या दोघांनाही त्रुटी परत करता येत नसल्यामुळे तिसरा माझा स्वतःचा ट्रेट (टाइपने कोणती कामे करायची ते ठरवणारा रस्टमधील करार), ज्याला मी ‘पायथनीकरण’ असे नाव दिले आहे.

हा तिसरा ट्रेट हौसेने लिहिलेला नाही. एका पट्टीवर ३१ नोव्हेंबर अशी तारीख आली, इन्टूपायच्या आत केलेल्या अनरॅपमुळे (त्रुटी न हाताळता मूल्य काढल्यामुळे) पॅनिक, म्हणजे रस्टचा अचानक थांबा, झाला, आणि पायथनच्या बाजूला त्याचे पॅनिकएक्सेप्शन झाले. ते बेसएक्सेप्शनपासून निघालेले असल्यामुळे स्क्रिप्टमधील ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ने ते अडवले नाही आणि त्या रात्रीचा सगळा हिशेब अर्ध्यावर थांबला.

आता ०.२३ मध्ये जुने दोन्ही ट्रेट कालबाह्य ठरवून त्यांच्या जागी इन्टूपायऑब्जेक्ट आणला आहे. ‘ज्याला पायथनीकरण आहे त्या प्रत्येक टाइपला इन्टूपायऑब्जेक्ट मिळावा’ असे सरसकट इम्प्ल (ट्रेटची अंमलबजावणी) लिहून पाहिले, तर कम्पाइलर ई०२१० ही त्रुटी देतो. माझा ट्रेट टिकवण्याचा दुसरा मार्ग आहे, की तो काढूनच टाकावा?

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

ई०२१० येणारच, कारण ट्रेट पायओथ्रीचा आणि टाइप कोणताही, म्हणजे दोन्हींपैकी काहीच आपल्या क्रेटचे (रस्ट पॅकेजचे) नाही. हा ऑर्फन नियम आहे आणि असे सरसकट इम्प्ल तो चालू देत नाही. मात्र उलट्या दिशेने तेच लिहिता येते: ज्या टाइपला इन्टूपायऑब्जेक्ट आहे त्याला आपले पायथनीकरण सरसकट द्यावे. येथे ट्रेट आपला असल्यामुळे कम्पाइलरची हरकत नसते.

या रचनेचा खरा लाभ असा, की सगळे टाइप एका दमात बदलावे लागत नाहीत. ज्या टाइपला अजून इन्टूपायऑब्जेक्ट दिलेला नाही, त्याचे पायथनीकरणाचे जुने इम्प्ल तसेच चालते, कारण टाइप आपलाच असल्याने दोन्ही इम्प्ल एकमेकांवर येत नाहीत, हे कम्पाइलरला ठरवता येते. ज्या क्षणी आपण नवा ट्रेट देता, त्या क्षणी ई०११९ (दोन इम्प्ल एकमेकांवर आल्याची त्रुटी) येते आणि कोणते जुने इम्प्ल पुसायचे ते नेमके कळते. सगळे टाइप संपल्यावर पायथनीकरणावर कालबाह्यतेची खूण करून ते एक आवृत्ती तसेच ठेवावे, कारण ते आपण सार्वजनिक केले आहे आणि कोणी वापरत असेल तर त्याला वेळ मिळायला हवा.

त्रुटीची सोय नव्या ट्रेटमध्येच आहे. टार्गेट, आउटपुट आणि एरर असे तीन संबद्ध टाइप त्यात द्यावे लागतात. पूर्णांकासाठी एरर इन्फॉलिबल (त्रुटी येऊच शकत नाही असे) असते, तारखेसाठी आपण पायएरर द्यावे. बूलचे आउटपुट बाउंड (मालकीचा दुवा) नसून बॉरोड (उसना दुवा) असते, कारण ट्रू आणि फॉल्स या वस्तू पायथनमध्ये आधीच तयार असतात. त्यामुळे मॅचच्या निरनिराळ्या शाखांत निरनिराळे टाइप आले की जुळवणी बिघडते. तेथे इन्टूपायऑब्जेक्टएक्स्ट या ट्रेटमधील इन्टू_बाउंड_पाय_एनी वापरावे. टूपायऑब्जेक्टची जागा भरण्यासाठी संदर्भावरही, म्हणजे ‘&टी’ साठीही, इम्प्ल लागते; ते हाताने लिहिण्यापेक्षा इन्टूपायऑब्जेक्टरेफ हा डिराइव्ह (इम्प्ल आपोआप लिहून देणारी सोय) बरा.

कोयनाकाठ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण यात एक खड्डा आहे आणि त्यावर कम्पाइलर काहीही बोलत नाही. आपल्या पट्टीत मालाची प्रतवारी ‘यू८’च्या (० ते २५५ या पूर्णांकांच्या) व्हेकमध्ये, म्हणजे रस्टच्या यादीत, ठेवलेली असेल, तर इन्टूपाय त्याची पायथनमध्ये लिस्ट करत असे आणि इन्टूपायऑब्जेक्ट त्याचे बाइट्स करतो. बाइट्सवर लूप फिरवला तरी आकडेच मिळतात, लांबीही तीच येते, त्यामुळे वरवरच्या चाचण्या उत्तीर्ण होतात. लिस्टशी तुलना केली की उत्तर फॉल्स येते, अपेंड चालत नाही आणि जेसन लिहिताना टाइपएरर येते. हा बदल पायओथ्रीच्या स्थलांतराच्या मार्गदर्शिकेत नोंदलेला आहे, परंतु अशा ओळी आपण घाईत ओलांडून जातो. मी स्वतः ओलांडली होती. प्रतवारी ‘यू१६’मध्ये ठेवावी किंवा पायलिस्ट हाताने बांधावी.

मिरज जंक्शन

माझे मत थोडे वेगळे आहे. ३१ नोव्हेंबर ही तारीख रूपांतराच्या पायरीपर्यंत पोहोचलीच कशी? पट्टी वाचतानाच ती अडवायला हवी होती. क्रोनो या रस्टच्या तारीख-वेळेच्या लायब्ररीतील नाइव्हडेटमध्ये अशी तारीख राहूच शकत नाही, आणि पायओथ्रीचे क्रोनो फीचर चालू केले की पायथनच्या डेटमध्ये होणारे रूपांतर तयार मिळते. तरीही ते रूपांतर अपयशी ठरू शकते, कारण पायथनचे वर्ष ९९९९ च्या पुढे जात नाही. हळदीच्या पट्टीला तेवढी चिंता नसावी.

विश्रामबागकर, सांगली

सर्वांचे आभार. सरसकट इम्प्लची दिशा उलटवली आणि अकरा टाइपांपैकी सात आज संध्याकाळपर्यंत हलवले. ई०११९ ने खरोखरच कामाची यादी हातात दिली. प्रतवारी ‘यू८’मध्येच होती आणि माझ्या चाचणीत केवळ लांबी तपासलेली होती, म्हणून आधी ती चाचणी दुरुस्त करून ती नापास होते याची खात्री केली आणि मगच टाइप बदलला. तारखेबाबत मिरजकरांचे म्हणणे पटले, पण अशी पट्टी नाकारायची की हिशेबनिसाला दाखवून दुरुस्त करून घ्यायची, हे अडत्यांना विचारल्याशिवाय मला ठरवता येणार नाही. तोपर्यंत तो एक टाइप जुन्या ट्रेटवरच राहील.