जुना मॅक्रो एसीसीडीबी फाइल उघडत नाही, दोन कॉम्प्युटरवर दोन वेगळे एरर

दूध_हिशेब:
नमस्कार मंडळी. आमच्या डेअरीचं दर दहा दिवसांचं बिल मी एक्सेलच्या मॅक्रोतून (एक्सेलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम) काढतो, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) सगळं अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमधून (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामची जुन्या फॉरमॅटची फाइल) उचलतो, आठ-नऊ वर्षं विनातक्रार चाललंय. आता नवीन कॉम्प्युटर आला (ऑफिस २०१९), भाच्याने डेटाबेस एसीसीडीबी या नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून दिला, मी मॅक्रोत फक्त फाइलचं नाव बदललं. तर जुन्या मशीनवर (एक्सेल २००७) "अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट" येतंय आणि नव्यावर "प्रोव्हायडर कॅनॉट बी फाउंड". मॅक्रो तोच, फाइल तीच! मॅक्रोतल्या डेटाबेस जोडायच्या ओळीत प्रोव्हायडर (डेटाबेस फाइल वाचून देणारा घटक) मायक्रोसॉफ्ट.जेट.ओएलईडीबी.४.० आहे. परवा १४० उत्पादकांची बिलं वाटायचीत, प्लीज कुणीतरी सांगा.

निखिल_एक्सेल:
दादा सध्या वेळ नाहीये तर फाइल परत २००२-२००३ च्या एमडीबीत सेव्ह करा ना, बिलं निघू द्या, मग बघू.

मॅक्रोताई:
निखिल, जुन्या मशीनवर चालेल ते, पण नव्यावर नाही चालणार. तिथलं ऑफिस बहुतेक ६४ बिट असणार आणि जेटचं ६४ बिट व्हर्जन कधी आलंच नाही, म्हणून तिथे प्रोव्हायडरच सापडत नाही, फाइल उघडायची वेळच येत नाही. जुन्यावर जेट आहे पण एसीसीडीबी फॉरमॅट आला अ‍ॅक्सेस २००७ बरोबर, जेटला तो वाचता येत नाही. म्हणजे दोन एरर दिसतायत पण मूळ एकच.
दादा, त्या ओळीत जेट ४.० काढून मायक्रोसॉफ्ट.एसीई.ओएलईडीबी.१२.० हा जेटनंतरचा नवा प्रोव्हायडर टाका (इथे देवनागरीत लिहिलंय, कोडमध्ये अर्थातच इंग्रजीत). एसीई जुनी एमडीबी पण वाचतं, त्यामुळे दोन्हीकडे एकच ओळ ठेवता येईल. एडीओचा (मॅक्रो ज्यातून डेटाबेसशी बोलतो ती लायब्ररी) रेफरन्स आहे तसाच राहू द्या. फाइलला पासवर्ड असेल तर प्रॉपर्टीचं नाव "जेट ओएलईडीबी:डेटाबेस पासवर्ड" असंच ठेवायचं, तिथे जेट बघून बदलू नका, मी एकदा बदललं होतं आणि अख्खी दुपार गेली होती.

सर्व्हर_काका:
ताईंचं बरोबर आहे. त्यात भर, ६४ बिट बघताना विंडोज बघू नका, ऑफिस बघा. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल, तिथे पहिल्याच ओळीत ३२ की ६४ लिहिलेलं असतं. एसीई वेगळं टाकायची वेळ आली तर ते ऑफिसच्याच बिटचं घ्यायचं, नाहीतर इन्स्टॉलर अडून बसतो.
आणि फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर वापरणाऱ्याला त्या फोल्डरात लिहायची परवानगी पाहिजे, नुसती वाचायची नाही, कारण फाइल उघडली की शेजारी एलएसीसीडीबी नावाची लॉक फाइल तयार होते.

दूध_हिशेब:
ताई, काका, दोन्ही मशीनवर उघडलं!! नवीन ६४ बिटच निघालं. पण एक अडकलंय. भाच्याने अ‍ॅक्सेसमध्ये गावानुसार क्वेरी केलीय, लाइक "वाळ*" अशी (म्हणजे वाळ अक्षरांनी सुरू होणारं गाव), अ‍ॅक्सेसमध्ये ३२ नावं दिसतात आणि मॅक्रोत एकही नाही, एररसुद्धा नाही.

मॅक्रोताई:
एडीओतून जाताना * चालत नाही, % लागतो. त्या क्वेरीत लाइकच्या जागी एलाइक करा आणि "वाळ%" लिहा, मग अ‍ॅक्सेसमध्येही चालेल आणि मॅक्रोतही. आणि भाच्याला सांगा टेबलात कॅल्क्युलेटेड फील्ड (स्वतःच हिशेब करणारा रकाना) टाकू नकोस, ते २०१० पासून आलंय, तुमच्या २००७ वाल्या मशीनला झेपणार नाही. रक्कम क्वेरीत काढा.

दूध_हिशेब:
३२ च्या ३२ आली! रकमेचं कॅल्क्युलेटेड फील्ड त्याने आजच टाकायला घेतलं होतं, थांबवलं. मागच्या दहा दिवसांची बिलं नव्या फाइलवरून परत काढून छापलेल्या बिलांशी ताडून बघतोय, पहिली वीस पैशापर्यंत जुळली. मनापासून आभार.