तोरणमाळला 60 मीटरचं व्हॅली क्रॉसिंग: दोर किती ताणायचा?

शहाद्याचा_भटक्या
राम राम मंडळी. डिसेंबरात तोरणमाळला, सीताखाईच्या बाजूच्या एका नाळेवर, ग्रुपचं व्हॅली क्रॉसिंग (दरीवर दोर ताणून पुलीने लटकत पलीकडे जाणं) ठरतंय. लेझरने मोजलेलं अंतर अँकर ते अँकर (दोर बांधायच्या एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत) 60 मीटर. सामान: 11 मिमी स्टॅटिक (कमी ताणणारा) रोप 200 मीटर, टँडम (दोन चाकांची) पुली, हार्नेस, दोन जुमार (दोर पकडणारे दातेरी क्लॅम्प), स्क्रू कॅरॅबिनर. एका बाजूला सालईचं जाड झाड आहे, दुसऱ्या बाजूला उघडा कातळ. मधे झोल पडू नये म्हणून गॅरेजातली चेनपुली लावून दोर कडक करायचा विचार आहे. किती ताण चालेल? आणि कातळात बोल्ट किती मारायचे?

दोरकाम
तुमना सवाल बराबर शे भाऊ, पण चेनपुली गॅरेजातच राहू द्या. झोल काढायचा नसतो, मोजून ठेवायचा असतो.

हिशोब सोपा आहे. माणूस मधोमध असताना दोरातला ताण = वजन × अंतर ÷ (4 × झोल). सामानासकट 90 किलोचा माणूस आणि 60 मीटर अंतर धरा. झोल 6 मीटर असेल तर ताण 225 किलो. झोल 3 मीटर केला की 450. तोच 1.2 मीटरवर आणला की 1125 किलो, आणि 60 सेंटिमीटरला 2250. चांगल्या नव्या 11 मिमी दोराची तुटण्याची ताकद साधारण 3000 किलो, आठाच्या गाठीत त्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा जाते. म्हणजे 2250 ला तुम्ही आधीच हद्दीपलीकडे आहात, आणि यात माणसाने घेतलेला हिसका धरलेलाच नाही. चेनपुलीचा धोका हाच, की एकटा माणूस साखळी ओढत टनभर ताण चढवतो आणि हाताला काहीच कळत नाही.

अंतराच्या 10 टक्के झोल ठेवा, माणूस लटकलेला असताना. तो जागेवर मोजायचा असा: दोन्ही टोकं सारख्या उंचीवर असतील आणि वजन मधोमध असेल, तर मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप अँकरजवळ दोरावर टेकवा. 11 अंश किंवा जास्त आला तर ठीक. 6 च्या खाली गेला तर लगेच सैल करा.

ताणायला 3:1 ची (ओढ तिप्पट करणारी) पुल्यांची साधी रचना आणि ओढायला तीन जण, बास. ओढताना दोराला जुमार लावू नका. त्याचे दात 400-500 किलोच्या आसपास दोराचं वरचं आवरण फाडतात. त्याऐवजी 8 मिमी कॉर्डची तीन वेढ्यांची प्रुसिक गाठ (ताण आला की दोराला आवळणारी) घाला. ताण फार वाढला तर ती आधी घसरते, म्हणजे इशारा मिळतो.

200 मीटर दोर पुरणार नाही. मुख्य दोर दोन हवेत, गाठी आणि टोकं धरून प्रत्येकी 75 मीटर. माणूस ओढायच्या टॅग लाइन दोन्ही काठांवरून हव्यात, म्हणजे 8 मिमीची आणखी 140 मीटर.

काळाकातळ
अँकरबद्दल. सालई सोडून द्या. खोड जाड दिसतं, पण लाकूड मऊ असतं आणि ते झाड बहुतेकदा उतारावरच्या पातळ मातीत उभं असतं. जवळपास जिवंत अंजन असेल तर तो घ्या, लाकूड कठीण आणि मुळं खोल. कड्याच्या धारेवर मुळं उघडी पडलेलं कुठलंच झाड नको. दोर अगदी बुंध्याशी, चार वेढे घेऊन बांधा. वेढ्यांतच ताण मुरतो, गाठीवर जवळजवळ येत नाही.

कातळाला आधी हातोडी मारून पाहा. खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे. बदबदीत आला तर आत पोकळी किंवा सुटलेला पापुद्रा. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये दोन थरांच्या मधे लाल मातीसारखा पट्टा दिसतो, त्याच्या आसपास बोल्ट मारायचाच नाही. छिद्रांचा, गारगोट्या भरलेला दगडही टाळा.

स्टेनलेसचे 12 मिमी बोल्ट, चार. प्रत्येक दोराला दोन आणि दोन्ही जोड्या मागून एकमेकींना बांधलेल्या. बोल्टमधलं अंतर, तसंच धारेपासून आणि भेगांपासूनचं अंतर, 25 सेंटिमीटरपेक्षा कमी नको. भोक पाडल्यावर पंपाने पूड पूर्ण उडवा. इथे बहुतेकजण कंटाळा करतात, आणि पूड राहिली की बोल्ट पूर्ण बसत नाही, तो नुसता फिरत राहतो. दोन बोल्ट जोडणाऱ्या स्लिंगांमधला (पट्ट्यांमधला) कोन 60 अंशांच्या आत ठेवा. 120 झाला की दोन बोल्ट असूनही प्रत्येकावर पूर्ण वजन येतं.

अँकर जमिनीलगत असेल तर दोर धारेवर घासणार. दीड-दोन मीटर उंचीचा ए-फ्रेम (A आकाराचा टेकू) उभा करा आणि धारेवर जाड कॅनव्हास अंथरा.

मधमाशी
वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या. दुर्बिणीने दोन्ही कडे पाहा. आग्या मोहोळ दिसलं तर जागाच बदला. धूर, अत्तर, ड्रोन काही नको. पहिली तंगूस (बारीक नायलॉनची दोरी) पलीकडे न्यायला ड्रोन वापरतात, पण मोहोळाच्या कड्यावर तो घातक आहे. त्यापेक्षा दोन्ही काठांवरून दोरी खाली सोडून नाळेत गाठ मारा.

शहाद्याचा_भटक्या
चेनपुली आणि सालई, दोन्ही रद्द. एकच राहिलं: 10 टक्के झोल म्हणजे शेवटचा टप्पा चढाचा. तिथे माणूस अडकला तर?

दोरकाम
अडकणारच, पुली मधे येऊन थांबते. पलीकडचे दोघं टॅग लाइनने ओढतील. जाणाऱ्याने हात पुलीच्या मागे ठेवायचे, पुढे दोर धरला तर बोटं चिरडतात. ओढणी, मोकळे केस, बॅगेचे पट्टे आत खोचा. पुली पहिल्या दोरावर, दुसऱ्या दोरावर वेगळ्या स्लिंगने स्टीलचा कॅरॅबिनर. हा दुसरा दोर जरा सैल.

टॅग लाइनने तो हलला नाही तर दोरच सैल करता आला पाहिजे. म्हणून झाडाकडचं टोक पक्कं बांधायचं आणि बोल्टकडचं टोक लॉक होणाऱ्या डिसेंडरवर (दोर धरून ठेवणारं आणि वजनाखालीही हळूहळू सोडता येणारं साधन) ठेवायचं. बोल्टवर नुसती गाठ मारली तर वजनाखाली ती सुटत नाही, मग कापण्याशिवाय मार्ग उरत नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच गरगरायला लागतं. 10 मिनिटांच्या आत तो काठावर यायला हवा, तोपर्यंत त्याला पाय हलवत ठेवायला सांगा.

पहिला माणूस पाठवण्याआधी खताच्या दोन गोण्यांत प्रत्येकी 45 किलो वाळू भरा, हार्नेसला बांधा, मधोमध 15 मिनिटं लटकवा. मग कोन मोजा, बोल्टांचे नट हाताने तपासा, प्रुसिक सरकली का ते खुणेच्या टेपवरून पाहा. नवीन दोर पहिल्या वजनाला थोडा लांबतो, त्यामुळे गोण्या काढल्यावर झोल पुन्हा जुळवा आणि गोण्या परत एकदा पाठवा.