राउटरला ओपनडब्ल्यूआरटी: खरंच रिकामटेकड्यांचा उद्योग?

कोथरूडकर: काल इथे एकाने लिहिलं, "चालत्या राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर) घालणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. अपडेट द्यायला कंपनी बसली आहे." कुठे बसली आहे? माझ्या राउटरला चार वर्षांत एकही अपडेट नाही. २०१८ला व्हीपीएनफिल्टर नावाच्या व्हायरसने किमान ५४ देशांतले किमान ५ लाख राउटर आणि तत्सम डबे पोखरले, त्यातले बरेचसे असेच भोकं न बुजवलेले होते. शिवाय मुलीचा ऑनलाइन क्लास चालू असताना कोणाच्या फोनवरून फोटो चढायला लागले की पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) ८०० मिलिसेकंदांवर जायचा. ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम (नेटची रांग लावणारी सोय) लावून त्यातली केक ही पद्धत निवडली, आता ३०-४०च्या वर जात नाही. नवा पैसा खर्च नाही.

निशाचर: ते वाक्य माझंच, आणि मी मागे घेत नाही. शनिवारी रात्री मीही हा उद्योग केला होता. तळाच्या स्टिकरवर व्ही५ (त्याच मॉडेलची पाचवी आवृत्ती), मी फाइल टाकली व्ही२ची. एक दिवा लुकलुकत राहिला, बाकी सगळं ठप्प. सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

तारकुंपण: मेला नव्हता हो तो. रीसेट दाबून धरून पॉवर द्यायची, लॅपटॉपला ठरलेला आयपी (नेटवर्कमधला पत्ता) द्यायचा आणि टीएफटीपीने (वायरवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) कंपनीची मूळ फाइल चढवायची. बहुतेक राउटर उठतात. पण खरं दुखणं वेगळंच आहे. केबलवाला त्याच्या ओएनटीचा (फायबरची लाइन घरात आणणारा डबा) पासवर्ड देत नाही, ब्रिज मोड (ओएनटीने फक्त लाइन पुढे द्यायची, बाकी काम आपल्या राउटरचं) करून देत नाही. मग आपला राउटर त्याच्या मागे, डबल नॅट, म्हणजे दोन्ही डबे एकामागे एक पत्ते बदलत बसतात.

वायरमन: ८ वर्षं हाच धंदा करतोय, म्हणून बोलतो. ब्रिज मोड दिला की रात्री ११ला फोन येतो, "नेट बंद". जिने चढून जावं तर साहेबांनी राउटरमधला पीपीपीओईचा (नेटला लॉगिन व्हायचा) पासवर्डच पुसलेला. आणि पब्लिक आयपीच्या (बाहेरून थेट पोचता येणारा स्वतःचा पत्ता) आशेने मागत असाल तर सोडा, आमच्याकडे सगळे सीजीनॅटच्या मागे, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत एकच पत्ता.

तारकुंपण: एकाने पुसला म्हणून सगळ्यांना कुलूप? ओएनटीचे २ हजार घेतलेत माझ्याकडून!

वायरमन: डिपॉझिट आहे ते. परत मिळतं, म्हणजे डबा माझा. आवाज चढवून डबा तुमचा होत नाही.

कोथरूडकर: धागा राउटरचा आहे, डिपॉझिटचा नाही.

तारकुंपण: ब्रिज नसेल तर तुमचा राउटर अर्धाच कामाचा. धागा त्याचाच आहे. वायरमन, ब्रिज मोडनंतर तक्रार करणार नाही असं लेखी देतो. मग?

वायरमन: लेखी द्या, उद्या करतो. पण फोन आला तर २०० रुपये व्हिजिट.

निशाचर: माझा मुद्दा कोणी घेतलाच नाही. आईबाबा सांगलीत. तिथे तुमचं लुसी (ओपनडब्ल्यूआरटीचं सेटिंगचं पान) बिघडलं तर कोण उघडणार? आणि ४ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा), ३२ एमबी रॅमच्या डब्यांना ओपनडब्ल्यूआरटीच्या १९.०७ आवृत्तीनंतर अधिकृत फाइलच नाही. कायमच्या अपडेटची हमी तिथेच संपली.

कोथरूडकर: ४/३२चं मान्य. तसला डबा घेऊच नये. सांगलीचंही मान्य, जिथे हात पोचत नाही तिथे मीही टाकणार नाही. पण म्हणून रिकामटेकडा म्हणू नका.

निशाचर: बरं, तो शब्द मागे. माझा व्ही५ माळ्यावर आहे. तारकुंपण, तो ठरलेला आयपी कोणता?

तारकुंपण: बहुतेक १९२.१६८.०.६६. ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या व्ही५च्या पानावर ताडून घ्या. आणि नवं चढलं की वायफाय बंद दिसेल, घाबरू नका. लॅनची वायर लावूनच आत जायचं.